पेन उचललं तिथं

सायकल मी बेचाळिसाव्या वर्षी शिकले, आणि तीही कोयनानगरला. दिवाळीत माहेरी गेले होते. भाचीची सायकल ओसरीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "आत्या, बस ना. मी मागून धरते." बारा वर्षांची पोर कॅरिअर धरून माझ्यामागे पळत होती आणि मी ओरडत होते, "सोडू नकोस!" तिनं केव्हाच सोडलं होतं.

लहानपणी मी का शिकले नाही, असं पुण्यातल्या मैत्रिणी विचारतात. कोयनानगर पाहिलेलं माणूस असं विचारत नाही. धरणासाठी वसवलेलं आमचं गाव डोंगराच्या कुशीत आहे. रस्ता एकतर चढतो नाहीतर उतरतो, आणि जूनपासून ऑक्टोबरपर्यंत पाऊस. वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पडतो. माझ्या वेळी शाळेत छत्र्यांचा ढीग असायचा, सायकली बोटावर मोजण्याइतक्या. मुलगे नळीखालून पाय घालून शिकायचे, मुली पाहत उभ्या राहायच्या. मीही तशीच पाहत राहिलेली.

तर त्या दिवाळीत मी शिकले. कॉलनीतल्या एका सपाट तुकड्यावर आठ दिवस सकाळी सहाला. रस्त्यावर कुणी नसायचं. कधी एखादी गाय, कधी दूधवाला. रस्ता सगळा माझा होता म्हणून मला एक गोष्ट कळली नाही, ती पुण्याला परतल्यावर कळली. नवख्या माणसाची सायकल रेघेत जात नाही. ती डावी-उजवीकडे हलत, तोल शोधत जाते. वेग कमी केला की जास्तच हलते. कॉलनीत मी बिनधास्त चार-पाच फुटांची जागा वापरत होते आणि मला वाटत होतं की मी सरळ चालवते आहे.

मी राहते पुण्याच्या कडेला वाढलेल्या एका उपनगरात. रस्त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांच्या घरासमोरून असा ट्रॅक गेला आहे त्यांना तो आपलाच वाटेल. दोन वर्षांपूर्वी आमचा मुख्य रस्ता रुंद झाला, नवे फूटपाथ झाले, आणि फूटपाथच्या कडेने लालसर रंगाचा, सायकलीचं चित्र काढलेला पट्टा आला. माझं ऑफिस तिथून साडेपाच किलोमीटर. बसला कधी पाऊण तास, कधी सव्वा तास. हे मी स्पष्ट लिहिते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे: तो ट्रॅक होता म्हणूनच मी धाडस केलं. नसता तर मी सायकल घेतलीच नसती. जुन्या बाजारातून बिनगिअरची एक सायकल आणली, पुढे टोपली लावून घेतली, आणि एका सोमवारी सव्वासातला निघाले.

ट्रॅकच्या तोंडाशीच तीन लोखंडी खांब होते. दुचाक्या आत शिरू नयेत म्हणून लावलेले. त्यांच्यामधून सायकल जाते, पण हँडल दोन्हीकडे जेमतेम चार बोटं सोडून. रोज चालवणारा सहज गेला असता. मी उतरले, सायकल ढकलत आत नेली आणि पुन्हा बसले. खांबांनी मला अडवलं, आणि शंभर पावलांवर सोसायटीच्या फाटकासाठी केलेल्या उतारावरून एक स्कूटर आरामात ट्रॅकवर चढली आणि माझ्यासमोरून आली. त्या माणसानं हॉर्न वाजवला. मी थांबले. त्याला वाट दिली. तेव्हा मला खरंच वाटलं की चूक माझी असावी.

मग फाटकं सुरू झाली. आमच्या रस्त्यावर सोसायट्या एकाला लागून एक आहेत. प्रत्येक फाटकापाशी मोटार आत जावी म्हणून ट्रॅक खाली उतरवला आहे आणि पुढे पुन्हा वर घेतला आहे. उतार, चढ, उतार, चढ. मी मोजले: पहिल्या किलोमीटरात एकोणीस वेळा. मोटारीला वाटेत कुठेही मान खाली घालावी लागत नाही, सायकलीला एकोणीस वेळा. गुडघे काय म्हणतात ते पुढची गोष्ट. मला भीती वाटत होती ती उतारावर येणाऱ्या वेगाची, कारण तेवढ्यात फाटकातून गाडीचं नाक बाहेर यायचं आणि चालक उजवीकडून येणारी वाहतूक बघत असायचा. ट्रॅकवरून मी येते आहे हे त्याच्या ध्यानीमनीही नसायचं.

पुढे बस थांबा. निवाऱ्याचे खांब ट्रॅकच्या मधोमध. थांब्यावर माणसं उभी होती, आणि ती कुठे उभी राहणार? बस रस्त्यावर येते, निवारा फूटपाथवर, मध्ये ट्रॅक. बस आली की सगळी ट्रॅक ओलांडून धावतात. एका आजींना माझ्या टोपलीचा धक्का लागला. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त पिशवी सावरली. ते मला दिवसभर टोचत राहिलं. त्यांची चूक नव्हती, माझी नव्हती, आणि तरी आम्ही एकमेकींच्या अंगावर आलो होतो.

त्यानंतर विजेचा डीपी बॉक्स आणि त्याला लागून एक जुनं कडुनिंबाचं झाड. झाड तोडलं नाही याचा मला आनंदच आहे. पण ट्रॅक झाडाला वळसा घालत नाही. झाडापाशी येतो, आणि झाडापलीकडे पुन्हा सुरू होतो. मधली जागा मी नंतर टेपने मोजली, पंच्याहत्तर सेंटिमीटर. माझ्या सायकलीचं हँडल साठ सेंटिमीटर रुंद आहे.

आणि मग चौक. ट्रॅक चौकाकडे सरळ जातो, सायकलीचं पांढरं चित्र पायाखाली, सगळं ठीक. आणि अचानक संपतो. पुढे वीतभर उंचीची दगडी कड, तिच्यापलीकडे वाहता रस्ता. पाटी नाही, उतार नाही, बाण नाही. मी कडेवर उभी राहिले आणि मला काहीच सुचेना. आता मी कोण? वाहन असेन तर वाहनांच्या सिग्नलला थांबायचं, पण मी रस्त्यावर नाही, वर फूटपाथवर आहे. पादचारी असेन तर झेब्रा पट्ट्यांवरून जायचं, पण झेब्रा वीस पावलं आत आहे आणि तिथवर जायला ट्रॅक नाही. मला उजवीकडे वळायचं होतं. पलीकडे, चौकाच्या दुसऱ्या कोपऱ्यावर, ट्रॅकचा लाल रंग पुन्हा दिसत होता. नदीपलीकडचं गाव दिसावं आणि नाव नसावी, तसा.

मी सायकल उचलून खाली ठेवली, रस्त्यावर बसले, दहा-पंधरा पॅडल मारली असतील. पावसाच्या पाण्यासाठी रस्त्याच्या कडेला लोखंडी जाळी असते, तिच्या फटी वाहतुकीच्या दिशेने होत्या. पुढचं चाक फटीत गेलं, अडकलं, आणि मी हँडलवरून पुढे. कोपर सोललं, तळहाताची साल गेली. मागून येणारा रिक्षावाला वेळेत थांबला म्हणून हे लिहायला बसले आहे. त्या फटी आडव्या असत्या तर चाक नुसतं खडखडून पुढे गेलं असतं. जाळी तीच, लोखंड तेवढंच. बसवताना फक्त एक चतुर्थांश फिरवायची होती.

कोपऱ्यावरच्या फळवाल्या काकांनी पाणी दिलं. म्हणाले, "ताई, रस्त्यानंच जात जा. त्या ट्रॅकवर सायकल चालवताना आम्ही कुणाला बघत नाही."

हे वाक्य मला जाळीपेक्षा जास्त लागलं. कारण रस्त्याने जाणारे असतात. सकाळी कामाला जाणारे गवंडी, सुरक्षा रक्षक, पेपर टाकणारी मुलं, आणि हेल्मेट घातलेले पंचवीस किलोमीटर मारणारे. ते सगळे ट्रॅक सोडून रस्त्यानेच जातात, त्यांना जमतं. ट्रॅक त्यांच्यासाठी नव्हताच. तो ज्यांना रस्त्याची भीती वाटते त्यांच्यासाठी होता. माझ्यासाठी, शाळेतल्या मुलींसाठी, साठी उलटलेल्यांसाठी. आणि तो चालवायला मात्र सर्कसवाल्याचा तोल लागत होता.

आठवडाभर कोपराला पट्टी होती. त्या दिवसांत मी वाचायला लागले. पुणे एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं हे सगळ्यांना माहीत आहे. 2006 च्या डिसेंबरात कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, आली, त्याच काळात तिच्या कडेने सायकल ट्रॅकही आखले गेले. 2017 च्या डिसेंबरात पुण्याचा सर्वंकष सायकल आराखडा मंजूर झाला, त्याच सुमारास भाड्याच्या सायकली रस्त्यारस्त्यांवर दिसू लागल्या आणि दोनेक वर्षांत दिसेनाशा झाल्या. 2020 च्या टाळेबंदीत केंद्राने सायकलींसाठी शहरांची स्पर्धा घेतली. म्हणजे इच्छा नव्हती, पैसा नव्हता, असं म्हणता येणार नाही.

नियम नव्हते असंही नाही. मला सगळ्यात जास्त आश्चर्य याचं वाटलं. इंडियन रोड्स काँग्रेसने सायकल ट्रॅक कसा असावा याची पुस्तिका 1962 सालीच काढली होती, आयआरसी 11. तिच्यात लिहिलं होतं: दोन सायकली शेजारी मावतील असा ट्रॅक किमान दोन मीटर रुंद हवा, एकाला दुसऱ्याला मागे टाकून जायचं असेल तर तीन मीटर. डोक्यावर सव्वादोन मीटर मोकळं हवं. कुंपण किंवा कठडा असेल तर त्याच्यापासून अर्धा मीटर अंतर हवं. म्हणजे सायकल हलत जाते, चालवणाऱ्याला कोपरं असतात, हे साठ वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून ठेवलं होतं. माझ्या झाडापाशी पंच्याहत्तर सेंटिमीटर.

उन्हाळ्यात कोयनेला गेले तेव्हा हे सगळं बाबांना सांगितलं. बाबा धरणाच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होते. साहेबांनी पेन्सिलीने काढलेला नकाशा ट्रेसिंग कापडावर शाईने उतरवायचा, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. 1967 च्या 11 डिसेंबरला पहाटे भूकंप झाला तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते. नोकरीला लागले ते त्यानंतर, धरणाच्या मजबुतीचं काम निघालं तेव्हा. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडून जवळच्या हेळवाकला बांधलेल्या घरात राहतात. अजूनही त्यांच्या हाताला रेघ कापत नाही.

मी त्यांना ट्रॅकचा नकाशा काढून दाखवला. वहीच्या पानावर, जमेल तसा. त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ पाहिलं, आणि विचारलं, "ही रेघ इथं का तुटली?"

"चौक आहे बाबा."

"चौक असू दे. रस्त्याची रेघ चौकात तुटली का?"

नव्हती तुटली. मी रस्ता सलग काढला होता.

"मग हितं पेन उचललंय कुणीतरी," ते म्हणाले. "आमच्यात मोठा नकाशा एका शीटवर मावायचा नाही. दोन शीट जिथं जुळतात तिथं रेघेला रेघ मिळाली पायजे, ते तपासणं ट्रेसरचं काम. एक शीट एकाकडं, दुसरं दुसऱ्याकडं, आणि जुळवणारा कुणीच नसला की असंच व्हतं. रस्ता एकाचा, चौक दुसऱ्याचा, डीपी तिसऱ्याचा, गटार चौथ्याचं."

मग ते धरणाविषयी बोलले. ते नेहमीच तिथे पोचतात, पण यावेळी मी कान देऊन ऐकलं. भूकंपात कोयनेच्या भिंतीला भेगा पडल्या, हे आम्हा मुलांना लहानपणापासून ठाऊक. कुठे पडल्या ते मी कधी विचारलं नव्हतं. एकशेतीन मीटर उंचीच्या त्या भिंतीचा खालच्या बाजूचा उतार वर एका पातळीला एकदम बदलतो. माथ्यापासून साधारण साडेछत्तीस मीटर खाली. भेगा बहुतेक त्या पातळीच्या आसपास पडल्या, आणि नंतर सांडव्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंतीला मागून आधार बांधून तो भाग जाड करण्यात आला. "भिंत मधल्या अंगाला चांगलीच होती," बाबा म्हणाले. "जिथं आकार एकदम बदलतो ना, तिथं सगळा ताण येतो. तुझ्या ट्रॅकचं तेच हाय. सरळ भागाचं मला सांगू नको. बदलतो कुठं ते दाखव."

मी त्यांना फाटकं, थांबा, झाड, चौक एकेक दाखवत गेले. त्यांनी प्रत्येकावर पेन्सिलीने बारीक फुली मारली. सरळ भागावर एकही फुली नव्हती. सगळा खर्च, सगळा लाल रंग सरळ भागात होता.

फाटकांपाशी मी अडखळले. म्हटलं, "बाबा, मोटारी आत जाणार म्हणजे ट्रॅक खाली उतरवावाच लागणार ना?" आमच्याकडे सगळीकडे तसंच पाहिल्यामुळे मला दुसरं काही सुचतच नव्हतं. वाचलेलं तेव्हा आठवलं. नेदरलँड्समध्ये 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला रस्त्यावर इतकी मुलं मरू लागली की लोकांनी चळवळ उभारली. 'मुलांच्या हत्या थांबवा' अशा अर्थाचं तिचं नाव होतं. आज तिथे छोटा रस्ता किंवा फाटक आलं की बहुतेक ठिकाणी सायकलचा ट्रॅक त्याच पातळीवर, त्याच लाल रंगात सलग पुढे जातो. मोटार छोट्या उतारावरून वर चढते, ट्रॅक ओलांडते, पलीकडे उतरते. चढताना तिचा वेग आपोआप कमी होतो. बाबांना हे इतकं आवडलं की त्यांनी लगेच त्याचा छेद काढला: फाटक, छोटा चढ, सपाट ट्रॅक, छोटा उतार. "इंजिन कुणाकडं हाय? मग चढ त्यानं चढावा," म्हणाले.

एका गोष्टीने मात्र मी विचारात पडले, ती इथे लपवत नाही. इंग्लंडमधलं स्टीव्हनेज हे 1946 साली जाहीर झालेलं तिथलं पहिलं नवं शहर. त्याचे मुख्य अभियंता एरिक क्लॅक्स्टन यांनी मोठ्या रस्त्यांच्या कडेने वेगळे सायकल मार्ग केले, चौकांखालून भुयारी वाटा काढल्या, रस्ता थोडा वर उचलला आणि सायकलची वाट थोडी खाली नेली, म्हणजे चढ जाणवू नये. रेघ कुठेही तुटली नाही. तरीही तिथे अपेक्षेइतके लोक सायकलीवर आले नाहीत, कारण मोटारीने जाणंही तितकंच सोपं करून ठेवलं होतं. चांगला ट्रॅक झाला की माणसं येतीलच असं म्हणायची माझी हिंमत नाही. पण तुटक्या ट्रॅकवर ती येणार नाहीत हे मी माझ्या कोपरावरून सांगू शकते.

पावसाळ्याआधी बाबा पुण्याला आले. एका सकाळी आम्ही दोघं टेप घेऊन पहिला किलोमीटर चाललो. त्यांना गुडघ्यांचा त्रास आहे, तरी प्रत्येक फुलीपाशी वाकून त्यांनी माप घेतलं आणि मी लिहिलं. नंतर चौकातल्या बाकावर तासभर बसलो. आठ ते नऊ. एकेचाळीस सायकली गेल्या. ट्रॅकवरून तीन. त्यातली एक शाळेच्या गणवेशातली मुलगी होती. मी थांबले होते त्याच कडेवर ती थांबली, खाली पाहिलं, मागे पाहिलं. मग उतरली आणि सायकल ढकलत उलट्या दिशेने, बहुधा घराकडे, गेली. बाबा तिच्याकडे पाहत राहिले. त्या दिवशी ते फारसं बोलले नाहीत.

रात्री त्यांनी जेवणाच्या टेबलावर मोठा कागद पसरला आणि चौक नव्याने काढला. कड कापून केलेला उतार, पट्ट्यांना लागून सायकलची वेगळी वाट, वळणाला थांबायला थोडी जागा, जाळ्या आडव्या. अगदी बारीक अक्षरात मापं. वयाच्या पंच्याहत्तरीत अडीच तास उभं राहून. पूर्ण झाल्यावर त्यांनी ट्रॅकच्या रेघेवरून या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत बोट फिरवून पाहिलं, कुठे पेन उचललं गेलं नाही ना ते.

तो कागद, मापांची वही आणि एक अर्ज घेऊन मी संबंधित कार्यालयात गेले. तिथल्या तरुण अभियंत्याने नीट ऐकून घेतलं. जाळ्यांचं लगेच करता येईल म्हणाला, कडेचा उतारही बघतो; डीपी दुसऱ्या खात्याचा, थांबा आणखी तिसऱ्याचा, त्यांना पत्र द्यावं लागेल. मी विचारलं, या सगळ्यांना एकत्र बसवतं कोण? त्याने थोडा विचार केला आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "तसं कुणी एक नाही, मॅडम." मग बाबांचा नकाशा हातात घेऊन म्हणाला, हा हाताने काढलाय? कुणी?

चौकातल्या दोन जाळ्या फिरवून झाल्या आहेत. कड अजून तशीच आहे. मी रोज तिथे उतरते, सायकल उचलते, पलीकडे ठेवते. ती शाळेतली मुलगी पुन्हा दिसली नाही. सकाळी त्या बाकाजवळून जाताना मी बघते. अर्जाचा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहिला आहे. मंगळवारी भेटायची वेळ दिली आहे, डीपीच्या खात्याचेही कुणी येणार आहेत म्हणे. बाबा फोनवर म्हणाले, "टेप ने बरोबर. आणि त्यांना जागेवर घिऊन जा, कागदावर बोलू नको." ऑफिसातून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली आहे.